तीन बोलावण्यांची स्कूटर

रिस्तेनने ती स्कूटर घेतली तेव्हा वाडीतल्या एकानेही तिला ‘बरं केलंस’ म्हटलं नाही. पेट्रोल पंपावरच्या बाईपासून चर्चच्या घंटेवाल्यापर्यंत ज्याला त्याला एकाएकी यंत्रातलं कळायला लागलं. त्रेसष्ट वर्षांची बाई, लग्न न केलेली, डाव्या गुडघ्याने अधू, आणि घेतली काय, तर लोकांनी वापरून टाकलेली, अंगभर खोडी असलेली स्कूटर! स्कूटर म्हणजे अर्थात आमची, बर्फावरची. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा. पायांनंतर आमच्याकडे तीच.

तिने ती का घेतली, हे मात्र कुणी विचारलं नाही. लोकांना काय, बोलायला विषय हवा.

झालं होतं असं, की जानेवारीत तिच्या जुन्या स्कूटरचं इंजिन फुटलं. एप्रिलच्या चौदा तारखेला आमच्या सीदाचा कळप, म्हणजे पाच घरांचे एकत्र चरणारे रेनडिअर, आतल्या पठारावरून समुद्राकडे निघतो. गाभण माद्यांना तिकडेच जाऊन व्यायचं असतं; त्या कुणाच्या इंजिनासाठी थांबत नाहीत. कळपाबरोबर जायचं तर स्वतःच्या स्कूटरवर जायचं. दुसऱ्याच्या स्लेजवर बसून गेलात तर तुम्ही माणूस नाही, सामान. तंबू, भांडी, कॉफीची किटली आणि तुम्ही.

भाच्याने, आन्तेने, तिला तेच सुचवलं होतं.

“आत्या, यंदा माझ्या स्लेजवर बस. खाली कातडी अंथरतो, मऊ करतो.”

“तुझ्या स्लेजवर मी मेल्यावर बसेन,” रिस्तेन म्हणाली. “तेव्हासुद्धा आडवी.”

आन्ते वाईट नव्हता. थोरल्या भावाचा मुलगा, भाऊ गेल्यावर सीदाचं सगळं तोच पाहत होता, आणि आत्यावर त्याची माया होती. पण मायेच्या माणसांनीच म्हाताऱ्यांना घरी बसवलेलं रिस्तेनने डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्या वर्षी स्लेजवर बसवतात. दुसऱ्या वर्षी म्हणतात, यंदा थंडी फार आहे. तिसऱ्या वर्षी तुमच्या पाडसांच्या कानावर तुमची खूण दुसराच कुणी सुरीने काढतो, मदत म्हणून. मग एक दिवस ती खूण त्याचीच होते. रिस्तेनची खूण तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तिच्या नावावर लागलेली. चव्वेचाळीस वसंत ती कळपाच्या मागून समुद्रापर्यंत गेली होती. पंचेचाळिसावा कुणी हिसकावून घेणार असेल, तर त्याची आधी तिच्याशी गाठ होती.

मार्चच्या अखेरीला ती बसने किनाऱ्याकडच्या तोर्लाइफकडे गेली. हा माणूस पर्यटकांना स्कूटरवरून फिरवायचा आणि थकलेल्या स्कूटर विकायचा. धुऊनपुसून चकचकीत केलेली एक स्कूटर त्याने अंगणात उभी करून ठेवली होती. तो कौतुक सुरू करणार, एवढ्यात रिस्तेन शेजारच्या ओंडक्यावर बसली.

“गुण नको सांगू. खोडी सांग.”

“म्हणजे?”

“माझे वडील ओढीचा रेनडिअर असाच घ्यायचे. विकणाऱ्याने फक्त खोडी सांगायच्या. लाथ मारतो, पाण्याला बुजतो, जे असेल ते. सांगितलेल्या खोडीवरून भांडायचं नाही. लपवलेली निघाली तर जनावर परत. सांग.”

तोर्लाइफ आधी हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. त्याने टोपी काढली, परत घातली.

“तेल पिते,” तो म्हणाला.

“पुढे.”

“मागे जायचा गिअर लागत नाही. उतरून ढकलावं लागतं.”

“मी मागे जात नाही. पुढे.”

“दिवा मधूनच जातो. सीट फाटलेली आहे, वर कापड ओढलंय. उणे पंचवीसच्या खाली थंडी गेली की सुरू व्हायला रडते.”

“आणि?”

“आणि... कंपनीची बोलावणी आहेत.”

“किती?”

“तीन.”

विकून झाल्यावर कंपनीच्या लक्षात येतं की आपण काहीतरी चुकीचं बसवलंय. मग ती मालकाला पत्र पाठवते, गाडी आणा, फुकट दुरुस्त करून देतो. या स्कूटरला अशी तीन बोलावणी आली होती आणि एकालाही ती गेली नव्हती. पेट्रोलची नळी गरम नळकांड्याला घासते, आग लागू शकते. थंडीत वेगाची मूठ दाबलेलीच राहू शकते. आणि सुकाणूचा एक बोल्ट ढिला होतो. पत्रं तोर्लाइफच्या ड्रॉवरमध्ये तीन वर्षं पडून होती. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: दुरुस्ती होईपर्यंत वाहन सुरू करू नये.

“आणि यावर तू पर्यटक बसवत होतास?” रिस्तेनने विचारलं.

तोर्लाइफच्या मानेपर्यंत लाली चढली. “आता तुला नको असेल.”

“का नको? सगळ्या खोडी सांगितल्यास. आणखी एक सांग, खरी किंमत.” त्याने मनात धरलेल्यापेक्षा बरीच कमी सांगितली. “पत्रं दे आणि ट्रकमध्ये घालून घरी पोचव. सुरू करायची नाही म्हणे.”

हे सगळं वाडीत पोचायला एक दिवस लागला. आन्तेला पोचायला तेवढाही नाही. त्याने फोनवर स्कूटरचा नंबर टाकून बघितलं आणि रविवारी म्हाताऱ्या इस्सातच्या स्वयंपाकघरात सीदाची बैठक भरली तेव्हा विषय काढला. इस्सात सगळ्यांत वडील. त्याच्या टेबलावर कॉफी, वाळवलेलं मांस आणि चीजचे तुकडे होते. पाच घरांची माणसं दाटीवाटीने बसली होती.

“मला एक नियम करायचाय,” आन्ते म्हणाला. आत्याकडे त्याने बघितलं नाही. “ज्या स्कूटरला कंपनीचं बोलावणं बाकी आहे, ती कळपाबरोबर येणार नाही. वाटेत पेटली, अडकली, तर सगळ्यांनाच धोका.”

लोक माना डोलवायला लागले. धोका म्हटलं की मान डोलवायला काय जातं! सगळ्यांनी एकदा रिस्तेनकडे बघितलं, मग कॉफीत.

रिस्तेनने आमच्या रीतीप्रमाणे चीजचा तुकडा कॉफीच्या कपात टाकला. राग तिच्या कानशिलापर्यंत चढला होता. माझं वय काढायचं तर तोंडावर काढ, असं तिला ओरडून सांगायचं होतं. यंत्राच्या आडून काय मारतोस? पण ती एवढंच म्हणाली, “कागदावर लिही.”

“कशाला, आपलं आपल्यात...”

“लिही. आणि सगळ्यांच्या सह्या घे. पहिली माझी.”

आन्तेने लिहिलं. तिने सही केली, बाकीच्यांनी केल्या. तारखेला तेरा दिवस उरले होते.

“आता मला तुझा ट्रेलर दे,” रिस्तेन म्हणाली. “दुरुस्तीला नेते.”

वाडीत ट्रेलर एकच, आन्तेचा. त्याने कान खाजवला. “ट्रेलरचा आस मोडलाय, आत्या.”

“कधी?”

“परवा.”

रिस्तेन बाहेर आली. इस्सातच्या दाराशी चार स्कूटर उभ्या होत्या. तिने चष्मा लावला आणि पत्रांच्या पाठीवर पेन्सिलीने चारही नंबर उतरवून घेतले. का, ते तिलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. राग आला की तिचे हात काहीतरी करायला बघतात.

दुसऱ्या दिवशी तिने गावातल्या दुरुस्तीच्या दुकानाला फोन लावला. मालक म्हणाला, यादी भरलेली आहे, मे महिन्यात या.

“मे महिन्यात बर्फ कुठे असतो? तिच्यावर बसून मासे धरू का?”

“बाई, मी काय करू?”

“मी सांगते तू काय करणार ते,” म्हणून तिने फोन ठेवला.

रिस्तेनकडे ओढीच्या रेनडिअरची एक जोडी होती, काळा आणि भुरका. हल्ली अशी जोडी फारसं कुणी ठेवत नाही. ठेवलीच तर शर्यतीला नाहीतर पर्यटकांना. ती ठेवायची कारण तिला बरं वाटायचं. तिने स्कूटरचा इंजिनाला जोडणारा आतला पट्टा काढला, म्हणजे मागचा रबरी पट्टा मोकळा फिरेल. दोघांना पुढे जुंपलं, स्वतः सीटवर बसली, एक हात ब्रेकवर, एका हातात लगाम. पत्रात लिहिलं होतं सुरू करू नये. नाही केली सुरू.

नदीच्या बर्फावरून बावीस किलोमीटर. उन्हं चांगली पडली होती. चढ आला की ती उतरून चालायची, उतार आला की ब्रेक दाबायची, नाहीतर स्कूटर जनावरांच्या टाचांवर गेली असती. दोनदा थांबून तिने त्यांना दगडफूल घातलं आणि स्वतः वाळलं मांस चघळलं. गुडघा ठणकत होता. “ठणक,” ती गुडघ्याला म्हणाली, “तुला कोण विचारतंय!”

गाव आलं तशी ती नदीवरून रस्त्याच्या कडेला चढली. पंपावर पेट्रोल भरणाऱ्यांनी नळ्या तशाच हातात धरून फोन काढले. शाळेसमोर बस थांबली. एक पोलीस गाडीतून उतरला, काय गुन्हा होतो ते त्याला आठवेना, आणि तो परत गाडीत बसला. रिस्तेन सरळ बघत होती. दुकानाच्या मोठ्या दारासमोर तिने काळ्या-भुरक्याला आडवं उभं केलं. आत जायची वाट नाही, बाहेर यायची नाही.

मालक धावत आला. “हे काय आहे?”

“बोलावलंत, आले. तीन वर्षं उशीर झाला, माफ करा.”

“मी मे म्हणालो होतो!”

“मग मेपर्यंत इथेच उभी राहते. जनावरांना चारा आणलाय.”

भोवती वीसेक माणसं जमली होती, त्यातली निम्मी फोन धरून. तेवढ्यात आतून मेकॅनिक आली, इंगविल नावाची, काळ्या हाताची, तिशीची पोरगी. ती पोट धरून हसत होती.

“आत घ्या हो तिला,” इंगविल मालकाला म्हणाली. “सुट्या भागांचे डबे आपल्याकडे फळीवर कधीपासून धूळ खातायत. कुणी येतच नाही.”

“का येत नाही?” रिस्तेनने विचारलं.

“पत्रं पहिल्या मालकाला जातात. तो विकतो, पुढचा आणखी कुणाला विकतो. तुमच्या वाड्यांवर तर कागद बदलायला कुणी जातच नाही, भावाची भावाला, मेहुण्याची मेहुण्याला. पत्रं जातात कुठल्या कुठे.”

रिस्तेनच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तिने पत्रांची पाठ उलटी केली आणि पुढे धरली. “हे चार नंबर बघ बरं.”

इंगविलने बघितले. एकेका नंबरापुढे ती पेन्सिलीने आकडा टाकत गेली. इस्सातच्या मुलाची, एक. पुढची, दोन. तिसरी, एक. चौथी आन्तेची, दोन, त्यातलं एक तेच पेट्रोलच्या नळीचं.

संध्याकाळी रिस्तेन स्वतःच्या स्कूटरवर, इंजिन लावून, काळ्या-भुरक्याला मागे बांधून सावकाश घरी आली. येताना ती मोठ्याने गात होती. पाणी पाजलं होतं तिने सगळ्यांना, अजून त्यांना माहीत नव्हतं एवढंच.

बुधवारी तिनेच बैठक बोलावली. आधी स्वतःच्या दुरुस्तीचा शिक्का मारलेला कागद टेबलावर ठेवला, मग तो चार नंबरांचा. म्हाताऱ्या इस्सातने तो वाचला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. हसू दाबायची त्याची ती रीत होती.

“म्हणजे नियमाप्रमाणे,” इस्सात म्हणाला, “चौदा तारखेला कळप घेऊन एकटी रिस्तेनच निघणार.”

आन्तेने कागद दोनदा वाचला. “मला कसलं पत्र आलं नाही!”

“ते मेहुण्याला आलं असेल,” रिस्तेन म्हणाली. “त्याच्याकडूनच घेतलीस ना?”

“ठीक आहे, मग सोडून देऊ नियम. फाडा तो कागद.”

“हात तर लाव!” रिस्तेन उभी राहिली. आता मात्र तिचा आवाज चढला. “माझ्यापुरता होता तोवर नियम चांगला होता, होय रे? तुमच्या दाराशी आला की फाडायचा? मी सही केलीय त्याच्यावर. तूही केलीयस. मला घरी बसवायचं होतं तर म्हणायचं होतंस, आत्या, घरी बस. मी तोंडावर नाही म्हटलं असतं. धोका, नियम, कंपनी, केवढा मोठा आडोसा उभा केलास एका बाईला अडवायला!”

आन्तेच्या बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याला रात्रीचं जेवण मिळालं की नाही कोण जाणे.

“जा दुरुस्तीला,” इस्सात म्हणाला. “दहा दिवस आहेत.”

“ट्रेलरवर घालून नेतो उद्या,” आन्ते पुटपुटला.

“ट्रेलरचा आस मोडलाय,” रिस्तेन म्हणाली.

आन्तेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोलीतल्या बाकीच्या तिघांना ट्रेलर हवाच होता, पण आन्तेचं तोंड बघायची मजा त्याहून मोठी होती. त्यांनी छताकडे बघितलं. (शुक्रवारी त्या तिघांसाठी आस आपोआप बरा झाला, ती गोष्ट वेगळी.)

“माझी जोडी देते,” रिस्तेन म्हणाली. “ब्रेकला मी बसेन. दोघांचं ओझं जनावरांना नको. तू चाल.”

आणि तो चालला. बावीस किलोमीटर, काळ्याचा लगाम धरून, आणि मागे त्याच्याच नव्या कोऱ्या दिसणाऱ्या स्कूटरवर आत्या बसलेली. दहा किलोमीटर मागे पडले. मग आन्ते पुढे बघतच म्हणाला, “गेल्या वसंतात तू सात तास सापडत नव्हतीस.”

“वादळ होतं. मी स्लेज उलटी करून तिच्याखाली बसले. कॉफी होती.”

“तुला कॉफी होती! मला काय होतं?” तो थांबला, काळाही थांबला. “मी सात तास पांढऱ्यात ओरडत फिरत होतो. बाबा गेले तेव्हा त्यांना मीच शोधलं होतं, आत्या. पुन्हा शोधायचं नाही मला. कुणालाच.”

एवढं सगळं वर्षभर पोटात ठेवून पोरगा आसाच्या आणि नियमाच्या गोष्टी करत होता.

“मग भीती वाटते म्हण ना, गाढवा,” ती म्हणाली.

“म्हटलं असतं तर थांबली असतीस?”

“नाही.”

“मग!”

“पण नियम सांगितलास तेव्हाही थांबले नाही. उगाच पाय मोडून घेतलेस. चाल.”

दुकानात या वेळी दार आधीच उघडं होतं. इंगविलने आन्तेच्या स्कूटरचं झाकण काढलं, हात आत घातला आणि तिचं हसू गेलं. तिने पेट्रोलची नळी बाहेर काढली. एका बाजूने ती घासून घासून इतकी पातळ झाली होती, की आतल्या पेट्रोलने ती ओलसर दिसत होती.

“ही कधी फुटायची ते सांगता आलं नसतं,” इंगविल म्हणाली. “मागे कोण बसतं?”

“मुलगी,” आन्ते म्हणाला. “सहा वर्षांची.”

तो बाहेर गेला आणि भुरक्याच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ उभा राहिला. रिस्तेन आत थांबली. ‘बघितलंस?’ म्हणायला तिच्यासारखी संधी कुणाला आली नसेल, आणि एरवी तिने ती सोडली नसती. त्या दिवशी सोडली.

घरी निघताना आन्ते म्हणाला, “आत्या, यंदा कळपाच्या पुढे तू चल. पुढची जागा तुला देतो.”

“तू देतोस?” रिस्तेन फटकन म्हणाली. “तू कोण रे देणारा? माझी जागा मागची आहे. जी मादी थकून मागे राहते ती तुम्हा पुढच्यांना दिसत नाही, मला दिसते. चव्वेचाळीस वर्षं ती जागा मी धरलीय, मला कुणी दिली नव्हती. मी मागेच येणार.”

“पण मागे तू मला दिसत नाहीस.”

रिस्तेनने टोपी कानांवर ओढली.

चौदा तारखेला पहाटेच्या कडक बर्फावर कळप निघाला. पुढे आन्ते, मग माद्या, मग बाकीचे, आणि सगळ्यांच्या शेवटी तेल पिणारी, मागे न जाणारी ती स्कूटर. पहिल्या टेकडीच्या माथ्यावर आन्ते थांबला आणि वळून बघितलं. दुसऱ्या टेकडीवर पुन्हा. तिसऱ्या टेकडीवर तो थांबला तशी रिस्तेन फाटक्या सीटवर उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या पठाराला ऐकू जाईल असं ओरडली, “आहे रे मी! पुढे बघ!”